एका दिवसाचं पाणी

अक्काचा फोन आला तेव्हा मी चुडाव्याला माहेरी होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकत होते. फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरला. पलीकडून अक्का म्हणाली, "जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी नवीन कक्ष काढलाय. अडकलेली कामं सोडवायचा. प्रमुख मी आहे. तू येतेस का माझ्याकडं?"

मी लगेच हो म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की आईनं डोळा मिटून घेतला आणि औषध गालावरून ओघळलं.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. तिच्या घरी सगळे तिला अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. जिंतूरला आम्ही दोघी एकाच कार्यालयात होतो. ती नियोजनाचं बघायची, मी पाणीपुरवठ्याची अभियंता. परभणीहून सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. सीट एक, डबा एक. तिच्या वडिलांचं परभणीत किराणा दुकान. घर लिंगायत, सगळ्यांच्या गळ्यात लिंग, श्रावणातले सोमवार कडक. आम्ही बौद्ध, वडील रेल्वेत गँगमन. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा मी बाहेरच्या खोलीत अवघडून बसले होते. तिच्या आईनं हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि तव्यावरचे धपाटे गरम गरम ताटात टाकत राहिली. माझे वडील नांदेडच्या दवाखान्यात वारले तेव्हा आईचं डोकं मांडीवर घेऊन बाकड्यावर अक्काच बसली होती. मी कागदपत्रांच्या मागं धावत होते. हे सगळं सांगते, कारण पुढचं कळायला हे कळलेलं बरं.

परभणीच्या जिल्हा कार्यालयात कक्षाला जागा मिळाली ती जुन्या दप्तरांची खोली. भिंतींना वाळवीच्या रेघा. आम्ही ती झाडून घेतली, चुना मारला, दोन टेबलं टाकली आणि भिंतीवर मोठा पडदा लावला. त्या पडद्यावर जिल्ह्यातली कामं दिसायची. चालू असलेलं पिवळं, अडकलेलं लाल, झालेलं हिरवं. दाराबाहेर पाटी लागली, 'प्रकल्प व्यवस्थापन कक्ष'. कार्यालयातले लोक आम्हाला 'कक्षवाल्या बाया' म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा होती, थोडी भीतीही.

भीती कशाची, ते सांगते. सरकारी कामात बहुतेक वेळा कुणी कामचुकारपणा करत नाही. इमारत बांधणाऱ्यानं इमारत बांधलेली असते, वीजवाल्यानं अंदाजपत्रक केलेलं असतं, जमीनवाल्यानं मोजणी केलेली असते. ज्याचं त्याचं काम झालेलं असतं आणि गावाला मात्र काहीच मिळालेलं नसतं. कारण सगळं मिळून झालं का, हे विचारणं कुणाचंच काम नसतं. ते काम आमच्याकडं आलं. आमच्या हातात ना निधी, ना माणसं, ना कुणाला हुकूम द्यायचा अधिकार. फक्त विचारायचं, आणि उत्तर खरं आहे का ते जाऊन बघायचं. आम्ही सांगू त्यावरून साहेब ठरवायचे की कोणतं काम आधी, कोणतं मागं, कुणाला बोलवायचं. म्हणजे आमचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता, आमच्या शब्दात.

सुरुवातीला अक्कानं कमाल केली. देवगाव फाट्याच्या अलीकडं एका गावात शाळेच्या खोल्या बांधून तयार होत्या आणि पोरं मात्र समाजमंदिरात बसत होती. खोल्यांच्या डोक्यावरून विजेची तार गेलेली. बांधकामवाले म्हणत, तार हलवा मग ताबा देतो. वीजवाले म्हणत, मागणी आली की हलवतो. दोघांची पत्रं एकमेकांना जात होती. अक्कानं दोन्ही साहेबांना "जरा चहाला या" म्हणून बोलावलं आणि खाली आल्यावर एकाच जीपमध्ये बसवलं. पुढं ती, मागं ते दोघं, मधे मी.

"कुठं निघालो आपण?" बांधकामवाले साहेब विचारायला लागले.

"चहाला," अक्का म्हणाली. "गावात लय चांगला मिळतो."

सेलूच्या पुढं जाईपर्यंत दोघं गप्प होते. मग एकानं दुसऱ्याला विचारलं की तुमचा मुलगा आणि माझा एकाच वर्गात आहे का, आणि परत येताना तार कुठून न्यायची हे ठरलेलंसुद्धा होतं. त्या दिवशी मला वाटलं, नोकरीत आपण आजवर जे करत होतो त्याला आत्ता कुठं अर्थ आला.

चारठाण्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला असलेलं ते गाव माझ्या वाट्याला आलं. नळयोजना तिथं कधीचीच मंजूर होती. धरणाच्या फुगवट्याजवळ विहीर झाली होती, गावात उंच टाकी उभी होती, गल्लीगल्लीत नळ बसले होते. पाणी मात्र नव्हतं. विहिरीला विजेची जोडणी नव्हती आणि विहिरीपासून टाकीपर्यंतच्या पाइपात मधला एक तुकडा जोडायचा राहिला होता. तो वनखात्याच्या जमिनीतून जायचा होता आणि परवानगी नव्हती. बायका नळाच्या खांबाला शेळ्या बांधायच्या.

पहिल्या ग्रामसभेला गेले तेव्हा पाणी समितीची अध्यक्ष मावशी उभी राहिली. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, उंच, आवाज खणखणीत.

"म्याडम, तुमच्यासारखे लय आले," ती म्हणाली. "येतेत, फोटू काढतेत, जातेत. तुमी परत येणार हाव का?"

"पाणी येईपर्यंत येत राहीन," मी म्हणाले.

"शब्द देता का?"

"देते."

मी खरोखर जात राहिले. विजेची जोडणी आणली. त्यासाठी वीजवाल्यांच्या दारात इतक्या वेळा बसले की तिथला शिपाई मला न विचारता चहा द्यायला लागला. मोटार बसली. मावशीशी जवळीक झाली. ती मला ज्वारीचा हुरडा बांधून द्यायची आणि निरोप द्यायची, "आईला दे गं, मऊ हाय." राहिला होता तो वनखात्याचा तुकडा. परवानगीची फाइल वर गेली होती आणि आता येईल, मग येईल असं चाललं होतं.

त्याच काळात मुंबईहून वरिष्ठ येणार असं ठरलं. आमच्यासारखे कक्ष बाकीच्या जिल्ह्यांत काढायचे का, हे त्यांना बघायचं होतं. अक्का चिडचिडी झाली. फोनवर बोलताना बाहेर जायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं." मग एक दिवस तिनं मला संभाजीनगरला प्रशिक्षणाला पाठवलं. "आढाव्याच्या आदल्या दिवशी ये. इथलं मी बघते. तू कधी बाहेर पडतच नाहीस, जरा मोकळी हो." निघताना बसमध्ये खायला चिवड्याची पिशवी दिली.

आढाव्याच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. वरिष्ठ समोर, शेजारी आमचे मोठे साहेब, खात्यांचे प्रमुख रांगेनं. अक्का नेहमीसारखी छान बोलली. मग म्हणाली, "आता एक गाव दाखवते," आणि पडद्यावर चित्रफीत सुरू झाली.

ते माझं गाव होतं. नळाला धो धो पाणी. बायका हंडे घेऊन उभ्या, कुणीतरी नळाला हळदकुंकू लावलेलं, आणि मावशी नळाखाली ओंजळ धरून हसत होती. तिला मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं ते पाणी डोळ्यांना लावलं.

मला वाटलं, मी संभाजीनगरला असताना परवानगी आली, तुकडा जोडला गेला, आणि अक्कानं मला मुद्दाम सांगितलं नाही. मला असं सगळ्यांसमोर दाखवायचं होतं तिला. मी तिच्याकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती.

"या गावाचं काम आमच्या मॅडमनी केलंय," अक्का म्हणाली. "त्या स्वतः प्रत्येक वेळी जागेवर जाऊन बघतात. त्यांनी पाहिलं नाही असं काम आम्ही पूर्ण दाखवत नाही."

वरिष्ठांनी मला उभं केलं. "काय वाटतं तुम्हाला?"

"साहेब, मी गावाला शब्द दिला होता," एवढंच म्हणू शकले. टाळ्या वाजल्या. पडद्यावर गाव हिरवं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जिंतूरहून पेढे घेतले आणि रिक्षा करून गावात गेले. जाताना वाटेत कुणी हात केला नाही, ते तेव्हा लक्षात आलं नाही. मावशी ओट्यावर गहू निवडत होती. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. मी पेढ्याचा पुडा पुढं केला.

"हे कशाला आनलं?"

"पाणी आलं ना, मावशी."

ती उठली, नळापाशी गेली आणि तोटी पूर्ण सोडली. आतून नुसती हवा निघाली, फुस्स करून. मग तीही थांबली.

"आलं हुतं. एक दिस," मावशी म्हणाली. "टँकर आनले, टाकीत सोडले. शूटिंगवाले आले. ते गेले, टाकी रिकामी झाली, संपलं. आता इचारायला आलात का सोंग करायला?"

"मला काहीच माहीत नव्हतं मावशी. मी इथं नव्हते."

"तुमच्याच नावानं आले की ते! म्हनले, म्याडमनी पाठवलंय. टाकी चाचणी करायची हाय, पाइप बी उद्या जोडायलेत. मी म्हनलं, म्याडमचं नाव घेतलंय तर कशाला आडवू? बायांना मीच हाका मारून बोलावलं, पूजा मीच केली." तिचा आवाज फाटला. "गाव आता मला इचारायलंय, अध्यक्षबाई, तुमचं बी काई ठरलं हुतं का त्यांच्यासंगं?"

पेढे मी तसेच परत आणले. रिक्षात ते मांडीवर होते आणि कुठं ठेवावेत ते सुचत नव्हतं.

सोमवारी मी अक्काच्या समोर जाऊन उभी राहिले. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि उठून दार लावून घेतलं.

"टँकर तू पाठवलेस?"

"हो."

"माझ्या नावानं?"

"त्या गावात तुझंच नाव चालतं. दुसऱ्या कुणाला त्या बाईनं टाकीवर चढू दिलं नसतं."

ती हे अगदी सरळ म्हणाली. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

"नाही."

"मग?" ती खुर्चीत बसली. "ऐकून घे जरा. सगळ्या खात्यांनी वर तक्रारी केल्यात, ह्या बायका आमच्या डोक्यावर कशाला म्हणून. कक्ष बंद करायचा विचार चालला होता. मुंबईवाल्यांना काय दाखवू मी? शाळेवरची तार हलवली, ह्याचा फोटो कसा काढायचा? दोन साहेब जीपमध्ये बसून बोलायला लागले, हे पडद्यावर कसं दाखवायचं? आपण करतो ते काम दिसतच नाही. नळाचं पाणी दिसतं. परवानगी येणारच होती. मी फक्त चार दिवस आधी दाखवलं."

"मला सगळ्यांसमोर उभं केलंस."

"तू खरं बोललीस. म्हणून तर त्यांना पटलं."

मी आजपर्यंत त्या वाक्याशी येऊन थांबते. तिनं खोटं बोलायला माझं खरेपण वापरलं होतं. जिंतूरच्या एसटीत, तिच्या स्वयंपाकघरात, नांदेडच्या त्या बाकड्यावर तिनं मला आतून बाहेरून ओळखलं होतं. त्या ओळखीचा तिनं असा उपयोग केला. अनोळखी माणसाला हे जमलंच नसतं. मी रडेन की काय असं मला वाटत होतं, पण रडू आलं नाही.

"अक्का," मी म्हणाले, "आपल्याकडं दुसरं काय होतं गं? लोक आपल्यावर विश्वास ठेवत होते, एवढंच तर होतं."

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली आणि फोन उचलला.

परवानगी चार दिवसांत आली नाही. मी वनखात्याच्या कार्यालयात गेले तर तिथल्या कारकुनानं फाइल बांधून ठेवली होती. तो बिचारा चांगलाच माणूस. म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडूनच योजना पूर्ण झाल्याचं कळवलंय. पूर्ण झालेल्या कामाला परवानगी कशी द्यायची? वरून प्रस्ताव परत आला." वीजवाले म्हणाले, आमचं तर कधीच झालं. ठेकेदारानं मजूर दुसऱ्या गावाला हलवले होते. पडद्यावर लाल होतं तोवर त्या गावाची रोज विचारपूस व्हायची. हिरवं झालं आणि गाव सगळ्यांच्या नजरेतून उतरलं. कक्षाच्या एका शब्दानं काम पुढं सरकतं हे मी पाहिलं होतं. एका शब्दानं ते पुरलंही जातं, हे आता पाहिलं.

मी मोठ्या साहेबांकडं गेले. सगळं सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी चष्मा काढून पुसत म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ कळते मला. पण हे परत उघडायचं म्हणजे मुंबईला आपण काय दाखवलं, हे आधी सांगावं लागेल."

"सांगू या ना साहेब."

ते हसले. वाईट हसले नाहीत, थकल्यासारखे हसले. "पुढच्या टप्प्यात घेऊ ते गाव," म्हणाले. थोड्याच दिवसांत माझी पूर्णा तालुक्यात बदली झाली. कागदावर लिहिलं होतं, विनंतीवरून. मी विनंती केली नव्हती. अक्काला मुंबईला बोलावणं आलं, राज्यभरातल्या कक्षांची घडी बसवायला. निरोपसमारंभाला सगळं कार्यालय होतं. मी त्या दिवशी रजा टाकून आईकडं बसले. आईनं विचारलं, "अक्का आली न्हाई लय दिवसांत?" मी म्हणाले, "काम असतंय तिला."

पूर्ण्याला रुजू व्हायच्या आधी मी त्या गावात शेवटची गेले. मावशीला म्हणाले, लोकांना बोलवा, मला बोलायचंय. मारुतीच्या पुढं जेवढे जमले तेवढ्यांना मी सांगितलं की टँकरचं पाणी दाखवून योजना पूर्ण झाल्याचं कळवलंय, त्यामुळं परवानगीची फाइल बंद झालीय, आणि गावानं ओरड केल्याशिवाय ती उघडणार नाही.

मग मावशी म्हणाली, "म्हंजे तुमाला बी फसवलं म्हना की."

"हो."

मागून एक माणूस म्हणाला, "कशावरून? आत्ता बी कुनी पाठवलं असंल. तवा बी म्याडमचंच नाव सांगितलं हुतं."

मावशीनं त्याला गप्प केलं, पण तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. हुरडा, भाजी, काहीच न बांधता तिनं मला फाट्यापर्यंत सोडलं. अक्कानं माझ्याशी जे केलं त्याहून मला हे जास्त लागलं. मी काही केलं नव्हतं, आणि तरीही त्या माणसानं संशय घेणं बरोबर होतं.

गावानं ओरड केली. उन्हाळ्यात बायका रिकामे हंडे घेऊन टेम्पोनं परभणीला गेल्या आणि कक्षाच्या दारातच बसल्या. मावशी सगळ्यांत पुढं. अक्काच्या जागी आलेला नवा प्रमुख वयानं लहान होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं बायकांना आत घेतलं, पडद्यावर गाव हिरवं दिसत होतं ते त्यांना दाखवलं. मावशीनं हंडा टेबलावर उपडा ठेवला. त्यानं त्याच आठवड्यात स्वतः जाऊन तोटी सोडून बघितली म्हणे, आणि गावाचं काम नव्यानं मांडलं. 'सुधारणा' म्हणून. आधी काय झालं होतं त्याचा उल्लेख कुठंही आला नाही. परवानगीला पुढचा पावसाळा उलटला. मग तुकडा जोडला गेला.

मावशीचा फोन आला तेव्हा मी पूर्ण्यात कामावर होते. "आलं बगा पानी," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "किती दिवस झाले?" ती जरा थांबली. "रोज यायलंय," म्हणाली. मी तरीही गेले. गावात न जाता आधी विहिरीवर गेले, मोटार चालू होती. मग पाइपाच्या वाटेनं चालत निघाले, वनखात्याच्या झुडपांतून, जिथं नवी माती अजून बसलेली नव्हती. टाकीपर्यंत पोचले, शिडी चढून आत डोकावले, आणि पाइपाच्या तोंडातून पाणी पडत होतं ते पाहिलं. आनंद झाला का? झाला असावा. पण आधी मी सुटकेचा श्वास टाकला. खोटं नाही, एवढंच.

काही दिवसांनी अक्काचा फोन आला. मधल्या काळात तिनं दिवाळीला, आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी असे निरोप पाठवले होते, मी उत्तरं दिली नव्हती. या वेळी उचलला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "त्या गावाला पाणी आलं ना? मी म्हणत होते की नाही, येणारच होतं."

"आलं," मी म्हणाले.

ती वाट बघत राहिली. पलीकडं मुंबईचा कसला तरी आवाज येत होता, लिफ्टचा असेल. मला एवढंच जाणवलं की तिला खरोखर वाटत होतं, आता आमच्यात काही तेढ उरली नाही. पाणी आलं म्हणजे हिशेब मिटला, असं. तिला समजावून सांगावं असं वाटलं नाही. आईला थेंब टाकायची वेळ झालीय असं सांगून मी फोन ठेवला.